शिरवळपर्यंतची रेघ

भूगोल शिकवावा तर मीच! हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. राणीसाहेबांच्या ज्युबिलीच्या साली मी कल्याणला मुलींच्या शाळेत मास्तर होतो. अठरा मुली, एक फळा आणि एक नकाशा. नकाशा वाळवीने खाल्लेला. खानदेश केव्हाच गेला होता आणि कारवार रोज थोडं थोडं चाललं होतं! डिपुटीसाहेब परीक्षेला यायचे होते आणि आमच्या मुलींना पुणं कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हतं.

तेव्हा मला युक्ती सुचली. मुलींच्या हातात पेन्सिल अवघडते, पण रांगोळीची चिमूट पाचव्या वर्षापासून बसलेली असते. मग नकाशा रांगोळीनेच का काढू नये? पांढरी रेघ म्हणजे रस्ता, कुंकवाचा ठिपका म्हणजे स्टेशन, निळीची धार म्हणजे नदी आणि कोंड्याचे ढीग म्हणजे सह्याद्री! कला आणि विद्या एकाच चिमटीत!

अडचण एकच होती. रांगोळी मला येत नव्हती.

ती शिकायची कुणाकडून? घरात दोनच बायका. एक आई, एक सुमती, म्हणजे माझी बायको. आणि दिवसाउजेडी नवऱ्याने बायकोशी बोलणं आईच्या शास्त्रात बसत नव्हतं. मी धीर करून म्हणालो, "आई, सरकारी काम आहे!" सरकार म्हटल्यावर आईचा नाइलाज झाला. रोज संध्याकाळी मागच्या पडवीत अर्धा तास रांगोळी शिकायची परवानगी मिळाली. आई मधल्या दारात वाती वळत बसायची, पण कान मात्र आमच्याकडे!

"चिमूट सैल धरा. आमटीत मीठ घालताय का?" सुमती हळूच म्हणायची.

"अशी?"

"अशी नव्हे हो! अशी." आणि ती माझी बोटं धरून रेघ ओढायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण एवढं बोलणं आमचं कधी झालं नव्हतं. मला तर रांगोळी चौथ्याच दिवशी जमली होती. मी पंधरा दिवस मुद्दाम चुकत राहिलो.

एक दिवस तिने विचारलं, "यात शिरवळ कुठे?" शिरवळ तिचं माहेर.

मी ऐटीत काढून दाखवलं. "हे कल्याण. हे नेरळ, हे कर्जत, मग खंडाळ्याचा घाट, की पुणं. तिथून बैलगाडीने कात्रजचा घाट उतरलं की शिरवळ."

तिने बोटांनी अंतर मोजलं. "वीतभरच तर आहे! मग चार वर्षांत मला कुणी नेलं कसं नाही?"

मी तिला प्रमाण समजावून सांगितलं. नकाशावर वीतभर म्हणजे खरे किती कोस, वगैरे. ती म्हणाली, "हं."

खरं कारण प्रमाणात नव्हतंच. पहिल्या वर्षी पापड आडवे आले, दुसऱ्या वर्षी चातुर्मास, तिसऱ्या वर्षी माझा ताप आणि चौथ्या वर्षी गाय व्याली! दर वेळी आई म्हणायची, "आता कुठे जातेस?" आणि दर वेळी मी पंचांग चाळत बसायचो. अठरा मुलींपुढे वाघ, आईपुढे शेळी. सुमतीची आई तिकडे थकत चालली होती, हे मला पत्रांतून कळत होतं आणि सुमतीला माझ्या तोंडावरून.

असो. शाळेत रांगोळीचा भूगोल धडाक्यात सुरू झाला. मुली अशा रंगल्या की सुट्टी झाली तरी उठेनात! मी खूश होऊन घरचा अभ्यास दिला, "उद्या पहाटे प्रत्येकीने आपापल्या दारात कल्याणपासून मामाच्या गावापर्यंतची वाट काढायची!"

एरवी सारखं पंचांग चाळणारा मी, नेमकं त्याच दिवशी ते चाळलं नाही. उद्या अमावास्या होती!

सकाळी शेजारचे अण्णा धापा टाकत आले. "मधुमास्तर, बाहेर या! गावावर करणी झालीय!"

"करणी?"

"दारोदार वाकड्यातिकड्या रेघा! ना कमळ, ना स्वस्तिक! मध्येच रक्तासारखे लाल ठिपके, कोंड्याचे ढीग! आमची ही तर उंबरा ओलांडायला तयार नाही. मी परसातून विहिरीला वळसा घालून आलोय!"

मला हसू आवरेना. "अहो अण्णा, तो शाळेचा अभ्यास आहे! तुमच्या शालूला विचारा."

"शालूचं समजलं. पण तुमच्या दारात कुणी काढली? तुमच्या घरातली कोण शाळेत जाते?"

मी बाहेर आलो. आमच्या तुळशीपासून निघालेली रेघ पायऱ्या उतरून, फाटकातून बाहेर पडून, अख्खी गल्ली ओलांडून कोपऱ्यावरच्या पारापर्यंत गेली होती! मी तिच्या कडेकडेने चालत गेलो. कर्जत आधी, नेरळ नंतर. चूक! पुढे घाट बरोबर. पुणं बरोबर. कात्रज बरोबर. आणि पाराखाली एक घर, एक विहीर, एक गाय आणि दारात डोळ्यांवर हात धरून वाट बघणारी एक म्हातारी.

मागे वळून पाहिलं तर दाराआड सुमती उभी होती. दोन्ही हात पदराखाली.

खरं सांगावं, तर आई म्हणणार, सून माहेरी पळायची वाट काढते! तिला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. खोटं सांगावं, तर सुचेना. मग मी माझं नेहमीचं काम केलं. गप्प बसलो.

तोवर गल्ली भरली. कुणी म्हणालं हे खाडीकडून आलं, कुणी म्हणालं आगगाडीने आलं. "तिकीट काढून?" अण्णांनी विचारलं. आईने खाडीकाठच्या मिठागरातून पंढरी भगताला बोलावणं धाडलं.

पंढरी आला. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, परत आला, खाली बसला. मग त्याने दाराकडे पाहिलं. सुमती पदराने डोळे पुसत होती आणि तिची बोटं पांढरीफटक होती.

"आजी," तो आईला म्हणाला, "ही करनी नाय. ही वाट हाय." आणि माझ्याकडे वळला. "मास्तर, तू शिकल्याला. सांग, कंच्या गावाला जाते ही?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. आईही. भूगोलाचं एवढं अवघड उत्तर मी जन्मात दिलं नव्हतं. पण दिलं.

"शिरवळ!"

"अगं बाई!" आईने कपाळाला हात लावला. "हे तर हिचं माहेर!"

"मंग बोलावना आलाय," पंढरी म्हणाला. "घरची लक्षुमी त्या वाटेन धाड. नायतर वाट घरान शिरल. आन पाच आमाशा तिकरंच ऱ्हाऊ दे तिला."

"पाच?" मी ओरडलो. मी आपला पंधरा दिवसांच्या हिशेबात होतो!

"सात!" पंढरी म्हणाला.

मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी त्यावर हात ठेवला.

जाताना पंढरीने मला बाजूला घेतलं. "बोटां दिसली रं मला. माझी पन पोर उरनला दिलीय. दोन वरसां झाली, तिची सासू तिला माहेरा धारीत नाय." एवढं बोलून तो निघून गेला.

आईने स्वतः गाठोडं बांधलं. मेतकूट, पापड, ठेवणीतलं लुगडं, सगळं! पत्र गेल्यावर सुमतीचा भाऊ न्यायला आला; तोवर त्या रेघेवर पाय द्यायची गल्लीत कुणाची छाती झाली नव्हती. सुमती रेघेवर पाय न देता कडेकडेने पारापर्यंत गेली, वळली आणि आईच्या देखत, भर गल्लीत मला म्हणाली, "चिमूट सैल धरा हं."

मी नुसता चिमटीसारखा हात वर केला.

पुढे डिपुटीसाहेब आले. मुलींनी सासवड सांगितलं, पेण सांगितलं, जुन्नर तर पुलांसकट सांगितलं. साहेब चाट पडले. मग त्यांनी विचारलं, "मुंबईहून कलकत्त्याला कसं जाल?" शालू उठून म्हणाली, "जाणारच नाही, साहेब. तिथे कुणाचाच मामा नाही!" साहेबांनी शेऱ्याच्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मी ते अजून वाचलेलं नाही.

तिसरी अमावास्या उलटली आणि शिरवळहून पाकीट आलं. पत्र भावाच्या हातचं, पण आत एक घडीचा कागद होता. सुमतीने शाईने काढलेला नकाशा! मध्यभागी भलंमोठं शिरवळ. कमळांची किनार, विहीर, झोपाळा, गाय. दारात म्हातारी होती, पण आता तिचा हात डोळ्यांवर नव्हता, शेजारच्या मुलीच्या डोक्यावर होता. नेरळ आणि कर्जत या वेळी आपापल्या जागी, अगदी बरोबर. आणि कोपऱ्यात एक एवढासा ठिपका.

आई माझ्या खांद्यावरून बघत होती. "हे काय, माशी बसून गेली वाटतं?" तिने नखाने खरवडून पाहिलं.

"आई, ते कल्याण आहे. आपण."

आईने कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. घर रिकामं होऊन तीन महिने झाले होते. वाती वळायला आता मधल्या दारात कुणी बसत नव्हतं. राखण करण्यासारखं पडवीत काही नव्हतंच. मी मात्र रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो.

"एवढासा?" अखेर ती म्हणाली. मग मिशीतल्या मिशीत हसू दाबणाऱ्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "मध्या, जा. त्या पंढरीला विचारून ये. सातातल्या दोन अमावास्या कमी होतात का म्हणावं. आईने विचारलंय म्हणून सांग."

मी धावतच मिठागर गाठलं. पंढरी मीठ ओढत होता. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर," तो म्हणाला, "पुना ओररलास त नऊ करीन."

मी मुकाट्याने घरी आलो आणि पडवीत बसून शिरवळहून कल्याणला येणारी रेघ काढली. चिमूट अगदी सैल धरली होती.