मऊ हाताची चौकशी

सन १८८७ च्या श्रावणात, औटकीचा, म्हणजे साडेतीनचा, पाढा म्हणताना अडखळल्याबद्दल गोपीनाथ या नऊ वर्षांच्या विद्यार्थ्याला प्रभाकरपंत मास्तरांनी उजव्या तळहातावर सतरा छड्या मारल्या. शाळा कोलशेतच्या खाडीकडची. तिचे नाव सांगत नाही, कारण शाळेची काहीच चूक नव्हती, असे पुढे रीतसर सिद्ध झाले. पोराचा हात असा सुजला की पेन्सिल धरवेना. "मना शालेन नाय जायचा," म्हणून तो चुलीमागे जाऊन बसला.

बाप काळुराम मिठागरावर राबणारा. घराण्यात अक्षर ओळखणारा गोपीनाथ पहिलाच, आणि बापाला त्याचे एवढे कौतुक की पोराने पाटीवर काढलेला 'ग' तो कोणाला पुसू द्यायचा नाही. मार सुटावा, शाळा सुटू नये, एवढेच त्याचे मागणे. मुलांस इजा होईल असे मारू नये, असे सरकारी परिपत्रक होतेच. काळुरामने अर्ज लिहवून घेतला आणि कोलशेतहून पायी ठाण्यात जाऊन टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या रावसाहेब महिपतरावांच्या, म्हणजे शाळा कमिटीच्या अध्यक्षांच्या, हाती दिला.

अर्जावर अत्यंत तातडीने कार्यवाही होऊन दीड महिन्याने कमिटी शाळेत आली. तोवर सूज उतरली होती.

"इजा कुठे आहे?" रावसाहेबांनी विचारले.

"बरी झाली, साहेब," काळुराम म्हणाला.

"म्हणजे नाही. नसलेल्या इजेची चौकशी करायची तरी कशी?"

प्रभाकरपंतांनी हात जोडले. "छडी अगदी हलकी होती, रावसाहेब. हवं तर पुन्हा मारून दाखवतो." पण चौकशी चालू असताना मुलाला मारणे परिपत्रकाविरुद्ध झाले असते, आणि कमिटी नियमाला पक्की. तेव्हा छडी अर्जदाराच्याच हातावर मारून पाहावी, असे ठरले. काळुरामने हात पुढे केला. पंतांनी टाचा उंचावून सणसणीत मारली.

"लागलं?" रावसाहेबांनी विचारले.

काळुरामला खोटे बोलता येत नसे. एवढ्यानेच पुष्कळ खटले बुडतात. "नाय लागला, साहेब."

कारकुनाने लिहिले, 'अर्जदारास स्वतःसच इजा होत नाही.' रावसाहेब सहीसाठी वाकले.

"पन साहेब," काळुराम घाईने म्हणाला, "माजा हात वीस वर्सा मिठागरान राबून दगड झालेला. पोराचा हात कवला हाय. कवल्या हातावर बगा ना!"

त्या खोलीत सर्वांत मऊ हात कोणाचा, याविषयी दुमत नव्हते. रावसाहेब प्रसन्न हसले. "बघा की! अरे, आम्ही लहानपणी पोतंभर छड्या खाल्ल्या, म्हणून तर आज या खुर्चीवर आहोत." त्यांनी बाही वर सारली. प्रभाकरपंतांचा हात मात्र उचलेना. नोकरीचा प्रश्न होता. शेवटी चौकशीच्या सोयीसाठी छडी काळुरामच्या हाती देण्यात आली. त्याने जपून, अर्ध्या जोराने, एक मारली.

रावसाहेबांच्या किंकाळीने शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. डॉक्टर तासाभरात आले, फौजदार त्यांच्याही आधी. पंचनामा झाला. इजा गंभीर ठरली. दुसऱ्याच दिवशी काळुरामला पंधरा दिवसांची कैद झाली. "हीच छडी, साहेब, माजे पोराला..." असे तो म्हणू लागला, तेव्हा मॅजिस्ट्रेटांनी शांतपणे समजावले की ते शिक्षण होते आणि हा हल्ला आहे. छडीने न दुखलेला तो माणूस तिथे ढसाढसा रडला.

कमिटीने मात्र प्रकरणापासून बोध घेतला. शाळेत यापुढे कमिटीच्या सभासदांस छडी मारू नये, असा सक्त हुकूम निघाला, आणि तो मोडल्याचे एकही उदाहरण नाही. जुनी छडी पुरावा म्हणून कोर्टात जमा झाल्यामुळे मास्तरांना नवी मंजूर झाली. गोपीनाथच्या आईने, बायजाने, नवऱ्याची इच्छा म्हणून सोमवारी पोराला हाताला धरून शाळेत पोचवले. औटकी जिथे थांबली होती, तिथूनच पुढे सुरू झाली.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत ही हकीकत लोक बरीच वर्षे रंगवून सांगत. रावसाहेबांना छड्या किती बसल्या, हे शेंबडे पोरही सांगे. एक, तीही उजव्या हातावर. गोपीनाथला किती बसल्या, ते आम्ही पहिल्याच वाक्यात सांगितले होते. मागे न पाहता सांगा बरे.