कडुनिंबाच्या फांदीबाबत

विषय: गच्चीवर सौर पॅनेल बसवता यावेत म्हणून कॉलनीच्या कडुनिंबाची एक फांदी छाटण्याची परवानगी मिळणेबाबत.

अर्जदार: प्रस्तुत लेखक, निवृत्त लिपिक, राहणार जुनवानी, भिलाई.

उपरोक्त विषयाबाबत खुलासा असा, की सुरुवात टाळ्यांपासून झाली. आमच्या कॉलनीत एक पर्यावरण समिती आहे. भय्याजी तिचे अध्यक्ष, म्हणजे ते बोलतात. मी सचिव, म्हणजे मी लिहितो. राज्याच्या सौर धोरणासाठी रायपूरला पाठवायचं निवेदन मीच लिहिलं. प्रत्येक छतावर पॅनेल हवेत, ही पहिली मागणी. समितीच्या सचिवाच्या लेखी ना-हरकतीशिवाय झाडाची एकही फांदी तुटू नये, ही दुसरी. (दोघी एकाच कागदावर शेजारी राहत होत्या. त्यांचं आपसात पटत नाही, हे मला कळायला हवं होतं.)

निवेदन वाचून दाखवलं त्या सभेत टाळ्या पडल्या. निवृत्त माणसाला टाळ्यांची सवय नसते. मी उत्साहात जाहीर करून टाकलं, की आमच्या घरी आणलेला एसी कोळशाच्या विजेवर चालणार नाही. पॅनेल बसतील तेव्हाच त्याचं खोकं उघडेल. समोरच्या रांगेत माझी बायको सुशीला बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

एसी मुळात आमच्या मृणालसाठी आणला होता. ती मे महिन्यात तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी यायची होती, आणि भिलाईचा मे काय असतो ते भिलाईकराला सांगायला नको.

"तुमाले कोनी सांगतलं होतं भाषण ठोकाले?" सुशीला घरी आल्यावर म्हणाली. "मृणाल लेकराले घेऊन येऊन राहिली. त्या लेकराले तुमचं धोरण समजते काय?"

पॅनेल दहा-पंधरा दिवसांत बसतील, असं मी सांगितलं. मग सुपेल्याच्या बाजारातून पॅनेलवाला राजदीप आला, गच्चीवर चढला आणि वर कडुनिंबाकडे बघत राहिला.

"अंकलजी, पॅनल तो लग जाएगा," तो म्हणाला, "लेकिन इस छाँव में वो भी आपकी तरह रिटायर ही रहेगा."

फांदी छाटायला हवी होती. मी रीतसर अर्ज लिहून समितीकडे दिला. भय्याजींनी तो न वाचताच माझ्या हातात परत ठेवला. अर्जही तुमचा, सहीही तुमची, करून टाका म्हणाले.

इथे माझं चुकलं. नोकरीत असताना पहिल्या फेरीत मंजूर झालेली फाइल माझ्या टेबलावरून कधी गेलेली नाही. घरचा अर्ज म्हणून सोडून दिला तर लोक काय म्हणतील? मी सचिव या नात्याने शेरा मारला: फांदीची जाडी नमूद नाही, अर्जदाराने खुलासा करावा. अर्जदाराने खुलासा केला. तो मला समाधानकारक वाटला नाही. (अर्जदाराची भाषाही जरा उद्धट होती.) मी नकाशा मागवला. अर्जदाराने काढला, त्यात उत्तर दिशा चुकली होती. मी परत पाठवला. सुशीला चहा ठेवताना विचारायची, की आज कोण बसलंय, साहेब की बाबू.

शेवटी कागदपत्रं पूर्ण झाली आणि मी स्थळपाहणीला गच्चीवर गेलो. फांदीवर कावळ्याने घरटं बांधलेलं होतं. आत अंडी. घरटं असलेल्या फांदीला पिल्लं उडेपर्यंत हात लावू नये, हा नियम मीच घातलेला. कावळ्याने मात्र कुठेही अर्ज केला नव्हता, म्हणून त्याचं काम झालं होतं.

मृणाल आली त्या दिवशी भिंतीसुद्धा तापल्या होत्या. कूलर गरम हवा इमानदारीने इकडून तिकडे करत होता. नात रडून लाल झाली. मी खोक्यातल्या एसीकडे पाहिलं, मग सभेतल्या टाळ्या आठवल्या. माझं ठरेपर्यंत सुशीलाने नातीला उचललं आणि तिघी शेजारच्या केवलरामकडे निघून गेल्या. केवलराम स्टील प्लांटातून निवृत्त झालेला, समितीचा सभासद नाही. त्याच्या घरात एसी शुद्ध कोळशावर चालतो.

संध्याकाळी मी त्यांना आणायला गेलो. दार उघडताच गार झुळूक आली आणि माझी तत्त्वं जागच्या जागी ढिली पडली. नात पाय पसरून गाढ झोपली होती.

"बाबूजी, तुमी कावळे पाहा," केवलराम हळू आवाजात म्हणाला, "नातीले आमी पाहून राहिलो."

मी म्हटलं, मीही जरा टेकतो. खोली लहान होती. एक खुर्ची मात्र रिकामी दिसत होती.

"असं कसं बसता?" सुशीला म्हणाली. "लेखी द्या. काहून बसाचं हाय, किती वेळ बसाचं हाय, समदं लिहा. आमी पाहू."

मी घरी जाऊन अर्ज लिहून आणला. तिने तो चष्मा लावून वाचला आणि नकाशा जोडलेला नाही म्हणून परत दिला. नकाशा जोडून काल पुन्हा सादर केला आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.