आत्याची सुरई

ड्रॉइंगच्या निवृत्त मास्तरांची आत्या रविवारी आपली सुरई परत न्यायला येणार होती. लेकीकडे राहायला जाताना ती मास्तरांकडे ठेवून गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती. सुरई काचेची, लांब मानेची, आत्याच्या वडिलांच्या काळातली. पण आतून अशी पांढुरकी, की दूध ओतून कुणी विसळलीच नाही असं वाटावं.

"आहे तशी देऊन टाका," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आत्याला वाटेल, आपण हेळसांड केली."

मास्तरांनी सुरईत व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घातले. तांदळाने काच आतून घासली जाते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. अर्धा तास हलवून हात भरून आले, तेव्हा ते जरा आडवे झाले. उठून पाहतात तो तांदूळ फुगून मानेत गच्च बसलेले. विणायच्या सुईने टोचून पाहिले, तर सुईही आतच राहिली.

"सुई आमच्याकडून भेट म्हणून सांगा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

शनिवारी मास्तर सुरई टॉवेलात गुंडाळून काच कारागिराकडे गेले. त्याने वाकड्या तारेने सगळं बाहेर काढलं आणि सुई पुसून परत दिली.

"ही साय म्हणजे नळाच्या पाण्यातला क्षार," तो म्हणाला. "आणलीच आहे, तर काढूनच देतो."

संध्याकाळपर्यंत सुरई इतकी नितळ झाली, की टेबलावर आहे की नाही ते हात लावून पाहावं लागे.

रविवारी आत्याने चष्मा पुसून ती उजेडात धरली.

"ही कुणाची?"

"तुझीच. साफ केली."

"माझी दुधी काचेची होती. वडिलांनी मुद्दाम मागवलेली. खरी कुठे घातलीस?"

मास्तरांनी सुई वगळून सगळं सांगितलं. आत्याचा विश्वास बसेना, तेव्हा कारागिराला फोन लावला. त्यानेही तेच सांगितलं. साठ वर्षं आत्या पाहुण्यांना त्या दुधी काचेचं कौतुक ऐकवत आली होती.

"मला ती होती तशी हवी," शेवटी ती फोनवर म्हणाली. "किती दिवस लागतील?"

"रोज नळाचं पाणी भरून ठेवा. पाच-सहा वर्षांत धरेल."

"लेकीकडे यंत्रातून गाळलेलं पाणी येतं," आत्या फोन ठेवत म्हणाली. "तिथे नाही जमायचं."

मास्तरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

हल्ली आत्या मधल्या खोलीत असते. रोज सकाळी ती सुरई रिकामी करून उजेडात धरते.

"बुडाशी जरा धरल्यासारखं वाटतंय," मास्तरीणबाई म्हणतात.

"ते तुझं बोट लागलंय," आत्या म्हणते, आणि पदराने पुसून टाकते.