काळ्या फडक्यातल्या भाकऱ्या

भाकऱ्या झाल्या, जवळ्याची चटणी झाली, पण ती बांधायला फडकंच सापडेना. गुणाजीनं पेटी उपसली, दोरीवरचे कपडे उलटेपालटे केले. शेवटी माळ्यावर हाताला एक कापड लागलं. नवंकोरं, काळंकुळकुळीत. छप्पनच्या ऑगस्टात मराठी-गुजरातीचं एकच द्वैभाषिक राज्य करायचा निर्णय झाला तेव्हा लालबागच्या त्यांच्या चाळीनं मंत्र्यांना दाखवायला काळी निशाणं शिवली होती, त्यातलं हे उरलेलं. गुणाजीनं त्यात भाकऱ्या ठेवून गाठ मारली.

"काळ्यात?" सुभद्रानं विचारलं.

"भाकरीला काय रंग कळतो गो?"

सुभद्रानं एवढं विचारलं हेच खूप होतं. ती हल्ली बोलतच नसे. जानेवारीत त्यांचा रघु संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला आणि पोलिसांच्या गोळीनं तिथंच पडला. एकोणीस वर्षांचा, गिरणीत नुकताच बदली कामगार म्हणून लागलेला. त्या दिवसापासून सुभद्रा नळापलीकडे गेली नव्हती. 'जेवा' आणि 'पाणी गेलं' एवढेच दोन शब्द तिच्या तोंडून ऐकू येत. परळच्या डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितलं, "बाईंना गावी न्या. झाडं बघू देत, वारा लागू दे." पण गिरणीतून रजा मिळेना. अशात गुणाजीच्या वाचनात आलं की, वन्यपशु सप्ताहानिमित्त येत्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सर्वांना प्रवेश फुकट.

"आपल्या गावच्यासारखं रान आहे म्हणतात," तो भीतभीतच म्हणाला होता. "हरणं आहेत. येतेस?"

"चला," सुभद्रा म्हणाली होती. तो तिसरा शब्द ऐकून गुणाजीला रात्रभर झोप लागली नाही.

वर्तमानपत्रानं एक गोष्ट मात्र छापली नव्हती. सप्ताहाचं उद्घाटन करायला एक उपमंत्री यायचे होते. आणि त्या दिवसांत मंत्री म्हटला की काळं निशाण आलंच. त्यामुळं दोघं फाटकाशी पोचली तेव्हा हरणांच्या आधी पोलीस दिसले.

बंदोबस्तावरचा फौजदार पंचविशीचा होता. मिशी नवी, घामानं कॉलर भिजलेली. तो ओरडून सांगत होता, "काळं काय असेल ते इथं काढून ठेवायचं! परत जाताना मिळेल!"

ऑक्टोबरचं ऊन, त्यामुळं येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काळी छत्री. त्या सगळ्या रस्त्याच्या कडेला पडल्या. त्यांवर काळ्या टोप्या पडल्या. गिरगावचे मनमोहन वकील फोटो काढून घ्यायला म्हणून काळा कोट चढवून आले होते. त्यांनी तो काढायला साफ नकार दिला.

"कुठल्या कलमाखाली?" त्यांनी विचारलं.

"उन्हाखाली," फौजदार म्हणाला. "काढा. तुम्हांलाच बरं वाटेल."

काळी चंद्रकळा नेसून आलेल्या दोन म्हाताऱ्यांपाशी येऊन मात्र कायदा अडला. फौजदारानं बराच वेळ विचार केला आणि त्यांना तंबूच्या मागं नेऊन बसवलं.

मग गुणाजीची पाळी आली.

"ह्यात काय?"

"भाकऱ्या."

"आणि बाहेर?"

"फडकं."

"काळं का?"

"पांढरं मळतं, साहेब."

फौजदारानं गाठ सोडून कापड झटकलं. ते कडेनं नीट दुमडून शिवलेलं होतं आणि एका बाजूला काठी घालायला नेफाही होता. फौजदारानं नेफ्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"भाकरीला काठी लागते?" त्यानं विचारलं.

भाकऱ्या सुभद्राच्या पदरात आल्या, फडकं ढिगावर गेलं आणि दोघांना "संशयित" म्हणून एका झाडाखाली बसवण्यात आलं. झाड फाटकाच्या बाहेरचं होतं आणि त्याला पानं फारशी नव्हती.

निदान बाकीचे तरी आत जायचे, तर वरून हुकूम आला : पाहुणे येईपर्यंत कुणालाही आत सोडू नका. दहाचे अकरा झाले, अकराचे दोन. दोनशे माणसं छत्र्यांच्या ढिगाशेजारी उन्हात भाजत उभी होती. एका बाईला घेरी आली. तिला वारा घालायला कुणीतरी छत्री मागितली, तर शिपायानं उद्यानाचं माहितीपत्रक दिलं. गुणाजी खाली मान घालून बसला होता. आपण हिला वारा दाखवायला आणली आणि पुन्हा पोलिसांपुढंच बसवली, हे त्याला टोचत होतं. सुभद्रा फौजदाराकडे टक लावून बघत होती.

साडेतीनला निरोप आला की, पाहुणे येत नाहीत. फौजदारानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि जाहीर केलं, "आपापलं सामान घ्या आणि आत जा!"

दोनशे माणसं ढिगावर तुटून पडली. छत्र्या सगळ्या सारख्याच. जो तो हाताला येईल ती उघडून, डोक्यावर धरून भोकं तपासू लागला. "ही कुणाची?" "वाकड्या दांड्याची माझी!" मनमोहन वकिलांनी कोट वर धरून धूळ झटकायला सुरुवात केली. चंद्रकळावाल्या म्हाताऱ्या तंबूमागून धावत आल्या. एक शिपाई तर भलताच परोपकारी निघाला. तो स्टुलावर चढला आणि दोन्ही हातांनी ते निशाणाचं कापड हलवत ओरडू लागला, "भाकरीवाले कोण? ओ भाकरीवाले!"

त्याच क्षणी वळणावरून मोटार आली.

निरोप चुकीचा होता. मोटार थांबली. काचेआड पांढरी टोपी दिसली. टोपीनं समोरचा तो काळा समुद्र पाहिला, स्टुलावर उभा राहून काळं निशाण फडकवणारा खाकी गणवेशातला माणूस पाहिला आणि मोटार मागं मागं जाऊ लागली.

"साहेब, छत्र्या आहेत!" फौजदार मोटारीमागं धावला. "साहेब! नुसत्या छत्र्या आहेत!"

इतका वेळ तापलेल्या लोकांना तोवर प्रकार उमगला होता. आयती संधी कोण सोडणार? कुणीतरी आरोळी दिली, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि दोनशे गळ्यांनी "झालाच पाहिजे!" म्हणून रान दणाणून सोडलं. सकाळपासून कलमं शोधणारे मनमोहन वकील सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. उद्यानाच्या माणसांनी घाबरून फाटकाला कुलूप घातलं. कुणीच हरीण पाहिलं नाही. हरणांनी मात्र बहुधा सगळं ऐकलं.

लोक पांगले. फौजदार धापा टाकत परत आला आणि रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसला. त्याची टोपी वाटेत पडली होती. शिपाई त्याच्याकडे न बघता उभे होते. सकाळचा रुबाब गेला होता आणि आता तो परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा दिसत होता.

गुणाजी म्हणाला, "चल गो, निघूया."

पण सुभद्रा त्या दगडापाशी गेली. तिनं पदरातली भाकरी काढली, वर चटणी घातली आणि पुढं केली. "सकाळपासून उपाशी आहेस. खा."

फौजदारानं वर पाहिलं, ओशाळला, पण घेतली. दोन घास भराभर गेले.

"पोरा," सुभद्रानं विचारलं, "जानेवारीत कुठं होतास तू?"

तिसरा घास तोंडाशी थांबला. "सुट्टीवर होतो, आई," तो भाकरीकडे बघत म्हणाला. "गावी."

"बरं झालं," सुभद्रा म्हणाली. "खा."

दोघं स्टेशनच्या वाटेला लागली, फाटक मागं पडलं. मग सुभद्राच बोलली. "सुट्टीवर नव्हता तो."

"कशावरून?"

"मी नुसतं जानेवारी म्हटलं. जानेवारीत काय होतं, असं त्यानं विचारलं नाही. आणि भाकरीवरून डोळेही उचलले नाहीत."

गुणाजी जागच्या जागी थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं. दूर फाटकाशी खाकी ठिपका अजून दगडावर बसलेला होता. गुणाजीच्या मुठी आवळल्या.

"मग तिथंच का नाही बोललीस? चार माणसांत का नाही विचारलंस त्याला?"

सुभद्रा चालतच राहिली.

"तोंडात घास होता त्याच्या," ती म्हणाली.