हलक्या कामाचं स्थळ

साकोऱ्यात पन्नास हजारांच्या आतला लॅपटॉप आपलं गिऱ्हाईक स्वतः घरी येऊन बघतो, आणि पसंत पडलं तरच त्या घरी राहतो. महागड्यांचं तसं नसतं. ते कुठेही जातात, कसलंही काम ओढतात, त्यांची मर्जी विचारायची वेळच येत नाही. स्वस्तातल्यांची तब्येत नाजूक, तेव्हा त्यांनी आधी घर बघून घ्यावं हे गावाला केव्हाच पटलेलं आहे. बघायला यायचं वरपक्षासारखं आणि नांदायचं नव्या सुनेसारखं, अशी दोन्ही कामं त्यांच्या गळ्यात पडली आहेत आणि ती ते मुकाट्यानं करतात.

यातला एकच नियम कडक आहे. लागोपाठ तीन नकार आले, की दुकान त्या घरी वर्षभर पुन्हा कुणाला पाठवत नाही. कल्याणी तुपसाखरेला दोन नकार येऊन गेले होते.

कल्याणी लग्नांचं चित्रीकरण करायची. पहिला लॅपटॉप आला, खोलीभर नजर टाकून म्हणाला, "दुपारी इथे ऊन येतं," आणि निघाला. दुसरा दिसायला धट्टाकट्टा होता. त्याला तिने घाईघाईत एक मेमरी कार्ड लावून दाखवलं. आतलं वजन बघताच त्याने स्वतःचं झाकण मिटून घेतलं, ते दुकानात पोचेपर्यंत उघडलं नाही.

त्या कार्डात कल्याणीची आई होती. सुलोचनाबाईंनी मंगलाष्टकं म्हटल्याशिवाय साकोऱ्यात अक्षता पडत नसत. अलीकडे त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ते म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, पण बाई राहतील. फक्त उशीर करू नका." सुलोचनाबाई तयार झाल्या, पण एका अटीवर. आपला आवाज नीट जपून ठेवलेला त्यांना आधी डोळ्यांनी बघायचा होता.

त्या शेवटचं गायल्या ते लग्न कल्याणीनेच टिपलं होतं. तीन कॅमेरे, आणि चित्र इतकं स्वच्छ की आईच्या पदराचा उसवलेला टाकासुद्धा दिसावा. पण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला ते झेपेना. आईचे ओठ आधी हलत आणि 'शुभमंगल' मागाहून येई. सुलोचनाबाईंनी ते एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"ही कुणीतरी दुसरीच बाई आहे. माझं तोंड आणि माझा आवाज एकत्र दिसू दे, मग मी जाते दवाखान्यात."

तालुक्याला स्टुडिओ होता. "परक्याच्या हाती माझा गळा द्यायचा नाही," असं म्हणून आईने तीही वाट बंद केली. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. आता डॉक्टर स्वतःच फोन करू लागले होते.

शेवटी प्रमिलाआत्याने पदर खोचला. अर्ध्या गावाची लग्नं जुळवलेली ही बाई. वडील गेल्यापासून या घराचा कारभारही तीच आपणहून बघायची. ती थेट चोरघड्यांच्या लॅपटॉपच्या दुकानात जाऊन सांगून आली, "मुलगी शांत आहे. काम अगदी हलकं. चार पत्रं, थोडे फोटो, झालंच तर दिवाळीचं एखादं शुभेच्छापत्र."

"आत्या, अगं हे खोटं आहे," कल्याणी म्हणाली.

"खोटं कसलं? स्थळ असंच सांगतात. तुझ्या आईच्या वेळी तुझ्या आजोबांनी आम्हाला काय सांगितलं होतं? मुलीला गाण्याची थोडी आवड आहे. ही बया पहाटे उठून सगळ्या आळीला जागं करते, हे आम्हाला लग्नानंतर कळलं. मोडलं का काही?"

कल्याणीला ते पटलं नाही, पण तिने आत्याला अडवलंही नाही. आईच्या खोलीतून खोकला ऐकू येत होता, आणि त्या खोकल्यापुढे तिला खरं-खोटं सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला. आत्याने प्लगची भोकं कोरड्या फडक्याने पुसून घेतली. खिडकीला जाड पडदा लावला. टेबलावर इस्त्रीची चादर अंथरली आणि मेमरी कार्डं तांदळाच्या डब्यात तळाशी दडवली.

चोरघडे वेळेवर आले. एका हातात लॅपटॉपची बॅग, मागे हातगाडीवर थोरले. थोरले म्हणजे दुकानातला सगळ्यांत जुना कॉम्प्युटर. मोठं डबडं, फुगीर पडद्याचं, अंगावर विणकामाचं कव्हर. त्यांच्याशिवाय दुकानाचं कुठलंही स्थळ ठरत नसे. दोघांनी धरून त्यांना पाटावर बसवलं, जोडणी केली, आणि ते घरघरत जागे होईपर्यंत सगळे पोह्यांच्या बशा हातात धरून थांबले.

लॅपटॉप करड्या रंगाचा होता. अंगावर कुठे ओरखडा नाही. चोरघडे म्हणाले, "नवा कोरा आहे. स्वभावानं गरीब."

थोरल्यांनी विचारायला सुरुवात केली. "वीज किती वेळा जाते?"

"या भागात कशी जाईल? आमदारांचे साडू राहतात समोर," आत्या म्हणाली.

"गादीवर ठेवून वापरता का? खालून वारा कोंडतो."

"छे, छे. टेबल आहे की."

"एका वेळी किती कामं सांगाल?"

"एकच. तेही विचारून."

थोरल्यांची घरघर जराशी सौम्य झाली. आत्या इतकं सराईतपणे बोलत होती, की ऐकता ऐकता कल्याणीला स्वतःचाच राग येऊ लागला. शेवटी चोरघडे रिवाजाप्रमाणे म्हणाले, "दोघांना जरा बोलू द्या एकटं."

कल्याणी लॅपटॉप घेऊन गॅलरीत गेली आणि त्याला तुळशीच्या कुंडीशेजारी स्टुलावर ठेवलं. मग लॅपटॉप हळू आवाजात म्हणाला, "मला घर आवडलं. पण तुम्हाला फसवून यायचं नाही मला. मी नवा नाही."

"म्हणजे?"

"एकदा नांदून परत आलोय. शहरात, एका जाहिरातवाल्याकडे होतो. अंगात ताकद होती तेव्हा. तो दिवसभर मोठमोठी चित्रं एकदम माझ्या अंगावर टाकायचा. एके दिवशी जळका वास आला आणि त्यानं मला परत पाठवलं. दुकानानं नवं कव्हर घातलं, किंमत उतरवली. थोरले म्हणाले, आता कुठलंतरी हलक्या कामाचं घर बघू. म्हणून इथे आलो."

कल्याणीने आत पाहिलं. आत्या थोरल्यांच्या कव्हरच्या विणीचं कौतुक करत होती. नुसतं 'हो' म्हटलं की सुपारी फुटणार होती. खरं सांगितलं तर तिसरा नकार, म्हणजे वर्षभर दार बंद, आणि आईजवळ तर वर्ष नव्हतं. तरी ती बोलली.

"आमचं काम हलकं नाही. आत्या खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. तुम्ही जे सोसून आलात, तेच काम आहे." मग तिने आईचं सगळं सांगितलं. घशातली गाठ, मागाहून येणारा आवाज, पुढे ढकललेल्या तारखा. सांगताना तिला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

लॅपटॉपचा पंखा एकदा फिरून थांबला. तो म्हणाला, "दाखवा."

ती तांदळाच्या डब्यातून कार्ड घेऊन आली. बोटाला लागलेले तांदळाचे कण तिने साडीला पुसले आणि कार्ड लावलं. पडद्यावर मांडव उभा राहिला. सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं, आणि आवाज त्याच क्षणी आला. एक ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला चित्र अडकलं, पंखा किंचाळायला लागला आणि स्टूल थरथरलं.

तो आवाज आत थोरल्यांनी ओळखला. "बंद कर! आधी बंद कर ते!" ते पाटावरून गरजले. "बाई, हलकं काम म्हणालात ना तुम्ही?"

आत्याने दारातून लॅपटॉपचं बोलणं ऐकलेलं होतं, तेव्हा तीही मागे हटली नाही. "आणि तुम्ही नवा कोरा म्हणालात! आमच्या पदरी वापरलेला बांधत होतात!"

"वापरलेला म्हणजे? थोडा अनुभव आहे त्याला!"

"मग आमच्या कामालाही थोडं वजन आहे!"

चोरघडे दोघांच्या मधे पोह्यांची बशी धरून उभे राहिले. फिटंफाट झाली आहे हे दोन्ही बाजूंना एकदमच उमगलं असावं, कारण दोन्ही बाजू एकदमच गप्प झाल्या. त्या शांततेत गॅलरीतून लॅपटॉप बोलला.

"थोरले, मी राहतो इथे. पण माझ्या पद्धतीनं. मूळ चित्रं मला पुन्हापुन्हा उचलवणार नाहीत. प्रत्येकाची आधी लहान, हलकी प्रत करायची. कापणं, जोडणं, सगळं त्या लहान प्रतींवर. सगळं मनासारखं झालं, की शेवटी एकदाच मी मोठं ओझं उचलीन."

"आणि उचलताना काही झालं तर?" थोरल्यांनी विचारलं.

"मागच्या घरी मला कुणी विचारून काम सांगितलं नव्हतं," लॅपटॉप म्हणाला.

थोरल्यांनी बराच वेळ घरघर केली. मग म्हणाले, "तुझी मर्जी." चोरघड्यांनी लगेच खिशातली सुपारी काढली.

कल्याणी त्या दिवसापासून टेबलावरून उठली नाही म्हटलं तरी चालेल. लहान प्रती धूसर होत्या. आईचा चेहरा त्यात नुसता अंदाजाने दिसायचा, पण ओठ कुठे उघडतात ते कळायचं, आणि तेवढं पुरे होतं. लॅपटॉप मधून मधून सांगायचा, "आता विसावा," आणि ती हात काढून घ्यायची. डॉक्टरांना शुक्रवारचा शब्द दिला. गुरुवारी दुपारी सगळं जुळलं आणि मोठं ओझं उचलायची वेळ आली.

लॅपटॉपला उपड्या वाट्यांवर ठेवलं, म्हणजे खालून वारा लागावा. प्लग सैल होता, तो आत्या दाबून धरून बसली. सुलोचनाबाई पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन वारा घालू लागल्या. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. अर्ध्याच्या बरीच पुढे गेली, आणि वीज गेली.

आत्याने समोरच्या साडूच्या नावाने बोटं मोडली. लॅपटॉपची बॅटरी जुनीच होती, नवं होतं ते फक्त कव्हर.

"घाबरू नका," लॅपटॉप म्हणाला. त्याने पडद्याचा उजेड मंद केला. मग म्हणाला, "एवढ्यात भागणार नाही. बोलायलाही वीज लागते. मी बोलणं बंद करतो. पुन्हा सुरू झालं नाही, तर मनाला लावून घेऊ नका."

"थांबा," कल्याणी म्हणाली, पण त्याचं बोलणं बंद झालेलं होतं.

त्यानंतर घरात फक्त पंख्याचा आवाज आणि पुठ्ठ्याचा आवाज राहिला. बारीक जळका वास आला. कल्याणीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली. सुलोचनाबाईंचा हात भरून आला, तरी त्यांनी पुठ्ठा कुणाला दिला नाही. पट्टी टोकाला पोचली तेव्हा आत्या अजूनही मेलेला प्लग दाबून बसली होती.

वीज आल्यावर त्यांनी ते पाहिलं. मांडव, अक्षता, उसवलेला टाका. सुलोचनाबाईंच्या ओठांवर शब्द उमटे, आणि तिथेच तो ऐकू येई. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"हीच मी," त्या म्हणाल्या. "चला, पिशवी भरा."

ऑपरेशन नीट पार पडलं. सुलोचनाबाई गळ्याला पट्टी बांधून घरी आल्या. लॅपटॉप सुरू व्हायचा, सांगितलेलं करायचा, पण बोलला नाही तो नाहीच. घरात दोन मुकी माणसं झाली, असं आत्या म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर डोळे पुसायची.

रिवाजाप्रमाणे काही आठवड्यांनी चोरघडे थोरल्यांना घेऊन चौकशीला आले. थोरल्यांना पाटावर बसवलं. चोरघड्यांनी विचारलं, "रुळलाय ना? तक्रार नाही ना काही?" कल्याणीने टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं.

तेवढ्यात सुलोचनाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. सवयीने त्यांचे ओठ हलले. टेबलावरून लॅपटॉप म्हणाला, "चहात साखर किती घालू?"

आवाज सुलोचनाबाईंचा होता. कल्याणीने धंद्याच्या सवयीने आधी ओठांकडे बघितलं. ओठ आणि आवाज यांत तसूभरही अंतर नव्हतं.



"एक चमचा," चोरघडे म्हणाले.

"मला बिनसाखरेचा, वहिनी," आत्या म्हणाली.

कल्याणी उठली. तिने लॅपटॉप उचलून जरासा फिरवून ठेवला, म्हणजे त्याला स्वयंपाकघराचं दार नीट दिसेल.