पास झालेल्यांनी बोलू नये

आमच्या ऑफिसात टेस्टला ती लिहिणाऱ्या माणसाचा आवाज असतो, आणि माणूस वारला तरी टेस्टचा आवाज जात नाही.

सांगलीत आम्ही डेअऱ्यांसाठी प्रोग्राम बनवतो. दूध मोजणं, फॅट काढणं, खराब दूध परत करणं, असली कामं. प्रोग्रामात कुणी काही बदललं की दुपारी तो सगळा नव्यानं बांधून काढायचा. त्याला बिल्ड म्हणतात. जुनं काही बिघडलं नाही ना, हे पाहायला टेस्ट असतात, आणि त्या भिंतीवरच्या स्पीकरमधून एकेक करून आपला निकाल सांगतात. फेल झालेली टेस्ट काय हवं होतं आणि काय मिळालं, तेही सांगते. माझ्या टेस्ट माझ्याच चिडक्या आवाजात फेल होतात आणि सगळं ऑफिस माझ्याकडे बघतं.

पद्मजा उपाध्येची टेस्ट कधीच फेल झाली नाही. प्रोग्राम आंबट दूध परत पाठवतो की नाही, एवढंच ती बघायची. "आंबट दूध परत केलं. पास. चला, जेवायला," असं म्हणून गप्प व्हायची. पद्मजा डेंगीनं गेली तेव्हा आम्ही तिची खुर्ची हलवली, पण टेस्ट ठेवली. नीट चालणारी टेस्ट कुणी काढत नाही.

तिचे वडील अण्णा, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, रोज दुपारी डबा घेऊन यायचे आणि बापलेक दाराजवळच्या बाकावर बसून जेवायचे. ती गेल्यावरही ते येत राहिले. स्पीकरमधून "चला, जेवायला" ऐकू आलं की डबा उघडायचे. आम्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मग मॅनेजर टोणपे मॅडमनी मला बोलावलं. टेस्ट फार वाढल्या होत्या. त्यांच्या गलक्यात गिऱ्हाइकाचा फोन ऐकू येत नव्हता.

"यापुढे फेल झालेल्यांनीच बोलायचं," त्या म्हणाल्या. "पास झालेल्यांनी बोलायचं काय कारण?"

कारण मला माहीत होतं, पण ते सांगायला जीभ रेटली नाही. सेटिंग बदलणं माझंच काम. बदलण्याआधी मी अण्णांजवळ जाऊन बसलो.

"म्हणजे पास झाली की गप्प बसणार?" त्यांनी विचारलं.

"होय अण्णा. फेल झाली तरच बोलेल."

"नापास व्हायची सवय नाही ओ तिला."

मी आवाज खाली आणला. "प्रोग्रामात थोडी गडबड करून ठेवतो. आंबट दूध घेतलं की फेल होईल, मग बोलेल."

अण्णा माझ्यावर चिडलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. "पोरीनं नीट केलेलं काम बिघडवून तिला बोलायला लावता? अजिबात नको."

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस शांत झालं. फोन छान ऐकू येऊ लागले. अण्णा यायचे, बिल्ड संपेपर्यंत स्पीकरकडे बघत बसायचे आणि बंद डबा तसाच घेऊन जायचे. शर्ट अंगावर ढगळ दिसायला लागला. मला माझं जेवण गोड लागेना.

आणि एका दुपारी स्पीकरमधून पद्मजा बोलली.

"फेल. हवं होतं : अण्णांनी जेवावं. मिळालं : डबा बंद."

टोणपे मॅडम केबिनबाहेर आल्या. "हे दुधाच्या टेस्टमध्ये कुठून आलं?"

मी प्रोग्राम तपासला. आंबट दूध बरोबर परत जात होतं. बिघाड कुठेच नव्हता. पण एक जरी टेस्ट फेल असली तरी बिल्ड डेअऱ्यांना पाठवायचा नाही, असा आमचा नियम आहे. मॅडम बाकापाशी गेल्या.

"अण्णा, बिल्ड अडकलाय. जेवून घ्या."

अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांनी डबा उघडला आणि भाकरी मोडून खाल्ली. मी बिल्ड पुन्हा लावला. स्पीकर गप्प राहिला. बिल्ड रवाना झाला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, पण डबा मांडीवरच ठेवून बसले. मला हाक मारून म्हणाले, "आज जेवलो नाही, तर बोलेल?"

"बोलेल, अण्णा."

"नापास होऊन."

"होय."

त्यांचा हात झाकणावर होता. मी मनात म्हणत होतो, नका उघडू, आज तरी नका उघडू. तिचा आवाज मलाही ऐकायचा होता, हे मला तेव्हा कळलं.

टेस्ट सुरू झाल्या. एक माझी फेल झाली, बडबडली. मग पद्मजाची पाळी आली.

अण्णांनी झाकण काढलं. मेथीची भाजी होती. त्यांनी मोठा घास घेतला आणि स्पीकरकडे बघत, सावकाश चावत राहिले. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

"पास," मी म्हणालो.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "जेवतोय की मी."