रडू न आल्याबद्दलची तक्रार

कर्वेनगरातल्या सुमुख सहकारी गृहरचना संस्थेत चित्रपटांविषयी ठाम मत असणारे एकूण त्रेसष्ट सभासद होते. त्यांपैकी चित्रपट पाहणारे दोन. शरच्चंद्र आणि त्यांच्या पत्नी श्यामलाबाई. हे प्रमाण आपल्याकडच्या एकंदर रीतीला धरूनच होतं, त्यामुळे त्याबद्दल कोणाची हरकत नव्हती.

शरच्चंद्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून दर शुक्रवारी दोघं जवळच्या थेटरात दुपारचा खेळ बघत. पण शरच्चंद्रांचा मूळ पिंड कीर्तनाचा. सदाशिव पेठेतल्या देवळात लहानपणापासून सतरंजीवर पुढच्या रांगेत बसलेला माणूस. सिनेमाही तो तसाच बघणार. मध्यंतरापर्यंतचा तो पूर्वरंग, त्यात डुलकी लागली तरी पाप नाही. मध्यंतरानंतर उत्तररंग, आख्यान सुरू झालं की खुर्चीत पुढे सरकून बसायचं. आणि काही झालं तरी आरतीआधी उठायचं नाही. म्हणजे शेवटची नावं पडद्यावरून वर सरकत असायची, दिवे लागलेले असायचे, झाडूवाल्या तुळजाबाई मागच्या रांगेपर्यंत आलेल्या असायच्या आणि ही दोघं जागच्या जागी.

"काका, संपला की!" तुळजाबाई म्हणायच्या.

"नावं चाललीयत," शरच्चंद्र सांगायचे. "एवढ्या माणसांनी घाम गाळलाय, त्यांना पाठ दाखवून कसं जायचं?"

तुळजाबाई मग झाडूवर हात टेकून दोन मिनिटं उभ्या राहायच्या. त्यांनाही तेवढीच विश्रांती.

बाहेर पडलं की कोपऱ्यावर सुखदेवचा चहा. पहिला घोट झाला की श्यामलाबाई विचारायच्या, "हं, कसा वाटला?" हा प्रश्न एकेचाळीस वर्षांचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या सिनेमाला त्यांनी तो विचारला होता, आणि खरं सांगायचं तर शरच्चंद्र सिनेमाला जायचे ते निम्मे या प्रश्नासाठी. घरात बोलायचे विषय गॅसचा नंबर आणि गुडघे. चहाच्या त्या पाऊण ग्लासात मात्र ते असं काही बोलून जायचे, की श्यामलाबाई ग्लास तसाच हातात धरून ऐकत राहायच्या.

त्यातलंच दोन-तीन ओळींचं काही ते संध्याकाळी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. भयपटाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'भूत समंजस आहे. माणसांनी दिवा लावून त्याच्याशी बोलून घेतलं असतं, तर मध्यंतराआधी मिटलं असतं.' हाणामारीच्या एका भव्य चित्रपटाबद्दल, 'नायक सत्तर माणसं मारतो, त्यांतल्या एकालाही नाव नाही. आमच्या हिने कापूस नेला होता, दोन्ही कानांना पुरला.' एका प्रेमकथेबद्दल, 'दोघांपैकी एकानेही फोन उचलला असता तर तिकिटाचे पैसे वाचते. गाणी मात्र गोड.' लोक अंगठा दाखवायचे आणि पुढे पाण्याच्या टँकरबद्दल भांडायला लागायचे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग तो क्लॅरिनेटवाल्याचा सिनेमा आला. बँडपथकातला एक म्हातारा, छातीत दम उरलेला नाही, आणि मुलीच्या लग्नात त्याला शेवटचं वाजवायचंय. शरच्चंद्रांनी त्या रात्री लिहिलं, 'जाताना रुमाल न्यावा. रडू येतं. चांगला आहे.'

या सात शब्दांवर विश्वासून रविवारी नऊ बिऱ्हाडं थेटरात गेली. आठ बिऱ्हाडं डोळे सुजवून परत आली. नववं बिऱ्हाड बी विंगमधल्या नंदाताईंचं. नंदाताई नुकत्याच एका सरकारी कार्यालयातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि फायलींवाचून त्यांचे हात शिवशिवत होते. सोमवारी सकाळी सेक्रेटरींच्या टपालपेटीत अर्ज पडला. 'विषय : रडू न आल्याबाबत. संदर्भ : श्री. शरच्चंद्र यांचा दि. १४चा संदेश. महोदय, उपरोक्त संदेशात रडू येते असे निःसंदिग्धपणे नमूद असता, अर्जदार व तिचे यजमान यांना प्रत्यक्षात रडू आले नाही. नेलेले दोन रुमाल कोरडे परत आले. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.'

सेक्रेटरी म्हणजे पुष्कर. खराडीला एका कंपनीत होता. तिथे कामं कमी आणि कामांविषयीच्या बैठका जास्त असल्यामुळे त्याचा हात चांगला बसलेला होता. त्याने तातडीची सभा बोलावली.

"काका, पर्सनली घेऊ नका हं," तो म्हणाला. "पण आपल्याकडे प्रोसेसच नाहीये. तुम्ही बघता, तुम्हाला वाटतं आणि तुम्ही लिहिता. असं डायरेक्ट कसं चालेल?"

"मग मध्ये काय हवं?" शरच्चंद्रांनी भाबडेपणाने विचारलं.

"मध्ये समिती हवी," नंदाताई म्हणाल्या.

झालं. चित्रपट अभिप्राय समिती स्थापन झाली. अध्यक्षा नंदाताई, सचिव पुष्कर. शरच्चंद्रांना क्षेत्रीय निरीक्षक हे पद मिळालं आणि बावीस रकान्यांचा एक नमुना मिळाला. सतराव्या रकान्यात होतं : 'रडू आले काय? असल्यास कितव्या मिनिटास? एका डोळ्यातून की दोन्ही? साक्षीदाराची सही.'

"साक्षीला ही आहेच की," शरच्चंद्र म्हणाले.

"पत्नी चालणार नाही. हितसंबंध येतो," नंदाताई म्हणाल्या.

"आमचे हितसंबंध असते, तर एकेचाळीस वर्षं कशाला राहिले असते?" श्यामलाबाई म्हणाल्या. हे वाक्य इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

शरच्चंद्रांना 'नाही' म्हणता येत नसे. समोरचा प्रेमाने सांगतोय ना, मग कशाला त्याचं मन मोडा, असा त्यांचा स्वभाव. पुढच्या शुक्रवारी ते पॅड, पेन आणि छोटी बॅटरी घेऊन थेटरात गेले. पडद्यावर आई आणि मुलगा बारा वर्षांनी भेटले तेव्हा यांचं लक्ष घड्याळात. थोडं पाणी आलं डोळ्यांत, पण ते दोन्ही डोळ्यांत आहे का, हे तपासण्यात ते वाळलं. तरी जेवढं होतं तेवढ्यावर त्यांनी शेजारच्या गृहस्थांना हलकेच विचारलं, "अहो, मी आत्ता रडलो. इथे जरा सही करता का?" गृहस्थ आपलं पॉपकॉर्न उचलून चार रांगा पुढे जाऊन बसले.

बाहेर सुखदेवने चहा दिला. श्यामलाबाईंनी विचारलं, "हं, कसा वाटला?"

"विचाराधीन आहे," शरच्चंद्र म्हणाले.

आता मला सांगा, जन्मभर कीर्तनं ऐकली, बुवांनी चिपळ्या थांबवून एखादं पद आळवलं की अख्खा सभामंडप पदराने डोळे पुसतो. कधी कोणी विचारलं, कितव्या मिनिटाला? कीर्तन संपलं की बुवांच्या पाया पडायचं असतं. बुवांना गुण देऊन घरी जायचं नसतं. पण हे समितीला सांगणार कोण? शरच्चंद्रांना सुचलं होतं, पण तसा रकाना नव्हता.

पुढचा पेच काळाचा निघाला. शुक्रवारी पाहिलेल्या चित्रपटावर समिती मंगळवारी बसायची. तोपर्यंत शनिवार-रविवार उलटून जायचा आणि सभासद आपापल्या अकलेने थेटरात जाऊन बसायचे. ही अनागोंदी थांबवण्यासाठी अभिप्राय शुक्रवारी दुपारी चारच्या आत जाहीर करण्याचं ठरलं.

"पण आमचा खेळच पावणेचारला सुटतो," शरच्चंद्र म्हणाले.

"काका, त्यासाठी सिनेमा बघायची गरजच नाहीये," पुष्कर समजुतीने म्हणाला. "ट्रेलर असतो, पोस्टर असतं. बाकीच्यांचे रिव्ह्यू असतात. सगळ्यांचा ॲव्हरेज काढला की झालं."

"बाकीच्यांनी बघितलेला असतो?"

"त्यांनी त्यांच्या आधीच्यांचे वाचलेले असतात."

इथे नंदाताईंनी चष्मा सारखा केला आणि खरी मेख मारली. "म्हणजे सगळे तटस्थ आणि शरच्चंद्रराव तेवढे चित्रपट पाहून आलेले. हे योग्य आहे का? ज्याने चित्रपट पाहिला, तो त्या चित्रपटाच्या प्रभावाखाली असणार. अशाचं मत निःपक्षपाती कसं मानायचं?"

सभेत माना डोलल्या. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ठराव झाला : 'ज्या सभासदाने संबंधित चित्रपट पाहिला असेल, त्यास त्या चित्रपटाविषयी मत देता येणार नाही.' अनुमोदन कोणी द्यायचं यावर जरा अडलं, तेव्हा पुष्कर म्हणाला, "काका, तुम्हीच द्या ना, बरं दिसेल." काकांनी दिलं.

त्यानंतर समितीचं काम झपाट्याने वाढलं. पूर्वी आठवड्याला एका चित्रपटाचा अभिप्राय निघायचा, आता नऊ-नऊ निघायला लागले. दोन तर अजून चित्रीकरण चालू असलेल्यांचे होते. शेजारच्या तीन संस्थांनी आपल्या अभिप्रायाची सोय इकडेच लावली. रडू न आल्याची एकही तक्रार पुन्हा आली नाही, कारण थेटरात कोणी जाईचना. मत घरपोच मिळत असताना तिकीट कशाला काढायचं?

शरच्चंद्र जात राहिले, पण सवयीने. चहा प्यायचे, प्रश्न यायचा आणि ते खिशातला मोबाईल चाचपत म्हणायचे, "समितीचं येऊ दे." एका शुक्रवारी श्यामलाबाईंनी ग्लास पूर्ण होईपर्यंत प्रश्न विचारलाच नाही. शरच्चंद्रांना ते घरी जाऊन चप्पल काढताना जाणवलं. प्रश्न राहून गेला होता, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या शुक्रवारी निघताना श्यामलाबाईंनी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. पॅड त्यांनी आधीच कणकेच्या डब्याखाली सरकवलं होतं. "आज नुसतं बघायचं," त्या म्हणाल्या. "देवळात गेल्यासारखं."

चित्रपट एका बाईचा होता. पेट्या दुरुस्त करते, गावोगावच्या भजनी मंडळांच्या, आणि तिला हळूहळू ऐकू येईनासं होतं. शेवटी ती पेटीच्या लाकडाला गाल लावते आणि एकेक स्वर गालाने तपासते. तिथे शरच्चंद्रांना जे भरून आलं, ते कितव्या मिनिटाला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नावं सरकायला लागली. तुळजाबाई झाडू घेऊन आल्या, यांच्याकडे एकदा बघितलं, आणि झाडू टेकवून शेजारच्या खुर्चीत बसल्या.

बाहेर सुखदेवने चहा दिला. श्यामलाबाईंनी घोट घेतला आणि विचारलं, "हं. कसा वाटला?"

"श्यामले," शरच्चंद्रांचा आवाज अजून ओला होता, "ती बाई पेटीला गाल लावते ना, तेव्हा मला वाटलं..."

खिशात मोबाईल वाजला. चार वाजले होते. हात आपसूक खिशात गेला, चष्मा कपाळावरून नाकावर आला. 'सुमुख अभिप्राय क्र. १३२. सदर चित्रपट संथ. भावनांची मागणी अवाजवी. तारे दोन. रडणे अपेक्षित नाही.'

शरच्चंद्रांनी ते दोनदा वाचलं. मग हातातल्या ओल्या रुमालाकडे, कोणीतरी चुकून आपल्याकडे दिल्यासारखं बघितलं.

"काय वाटलं?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"तसा... संथच आहे जरा."

"आणि रुमाल?"

"एसी फार होता."

"मग एसीला पाच तारे द्या," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे सरळ पाठ केली आणि सुखदेवला म्हणाल्या, "तुम्ही ऐका हो. एक बाई असते. पेट्या दुरुस्त करणारी..."

आणि त्यांनी अख्खं आख्यान लावलं. गाल लाकडाला टेकला तेव्हा सुखदेवचा चहा उतू गेला. बाकावर शरच्चंद्र हळूच पुढे सरकून बसले होते. सुखदेवने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले, नाक ओढलं आणि म्हणाला, "बघायलाच पाहिजे, काकू. स्टार किती आहेत त्याला?"

तुम्ही हसलात? हसा हसा. पण परवा थेटरातून बाहेर पडताना तुम्ही आधी रुमाल काढला होता की मोबाईल, ते जरा आठवून बघा. आणि ही गोष्ट कशी वाटली, ते इतक्यात कोणाला सांगू नका. तुम्ही ती वाचून बसलाय. तुमचं मत आता धरता येणार नाही.